टाच आधी, मग पंजा

दुपारचे दोन वाजलेत आणि रामाकोन्यात राधा बिडी ओढते आहे. ताडपत्रीच्या मागे, उसाच्या रसाच्या गाडीच्या सावलीत, निळी साडी गुडघ्यापर्यंत खोचून ती उकिडवी बसली आहे. घुंगरू बांधून झालेत, पण एका पायातले सैल वाटतात म्हणून बिडी दातांत धरून ती गाठ सोडते आणि पुन्हा आवळते. मनगटावरचे केस पांढरे आहेत. पावडर गालांवर थापली आहे, पण मानेपर्यंत पोचलेली नाही, त्यामुळे उन्हात चेहरा एका माणसाचा आणि मान दुसऱ्याची दिसते. वय पासष्टच्या पुढे असणार. बिडी संपते, राधा ती जमिनीवर विझवते आणि गुडघ्यावर हात टेकून ‘आई वो’ म्हणत उठते.

दिवाळीनंतरची मंडई भरली आहे. जिलेबीच्या कढया, आलूबोंडे, चणे-मुर्रे, बांगड्या, प्लास्टिकची पिस्तुलं आणि करकरणारा पाळणा. एका बाजूला ट्रॅक्टरवर संत्र्याचे कॅरेट लादले आहेत. अंबिया बहाराची तोड चालू आहे, पण चालक मंडईत शिरला आहे आणि कॅरेट उन्हात वाट पाहताहेत. भिंतींवरच्या सगळ्या पाट्या हिंदीत आहेत. त्याच भिंतींना टेकून उभी असलेली माणसं मात्र मराठीत भांडताहेत. 1956 साली राज्यांची वाटणी झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि रामाकोना ज्यात येतं तो सौंसर-पांढुर्णा भाग मध्य प्रदेशात राहिला. 2023 च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यातून फुटून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. खडी गंमत या इथल्या लोकनाट्याला यातलं काहीच कुणी सांगितलेलं नसावं. माईकवर हिंदीतून घोषणा होते, शाहीर मराठीत गण सुरू करतो, मधेच दोन कडवी हिंदीत जातात आणि परत येतात. एकाही ऐकणाऱ्याची भुवई हलत नाही.

खडी म्हणजे उभी. इथे गाणारं-वाजवणारं कुणी बसत नाही. शाहीर डफ घेऊन उभा, ढोलकीवाला ढोलकी कमरेला बांधून उभा, झीलकरी तुणतुणं आणि टाळ घेऊन मागे उभे. आज दोन पार्ट्यांचा सामना आहे, पोस्टरवर लिहितात तशी ‘दुय्यम खडी गंमत’. एक पार्टी तुऱ्याची, शिवाची बाजू घेणारी. दुसरी कलगीची, शक्तीची. परंपरेतली गोष्ट अशी, की तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाहअली नावाचा फकीर यांची जुगलबंदी ऐकून चंदेरीच्या राजाने खूश होऊन आपल्या मुकुटातला तुरा एकाला दिला आणि कलगी दुसऱ्याला. तेव्हापासून हे भांडण चालू आहे आणि अजून कुणी जिंकलेलं नाही. आज शाहीर पुराणातलं कोडं गाण्यात घालून समोरच्याकडे फेकतो, समोरचा ते गाण्यातच सोडवतो आणि नवं फेकतो. जाणती माणसं पुढे सरकून ऐकताहेत. मी खरं सांगतो, माझं लक्ष कोड्यांकडे नाही. मी पाय बघायला आलो आहे.

मागे बायकांत बसलेल्या मावशीने मला आधीच बजावलं आहे, “पोट्ट्याले पाहू नको, त्या बाबाले पाह्य.” लग्न होऊन ती या गावात आली तेव्हापासून ती त्याला बघते आहे.

पोट्टा म्हणजे कलगीवाल्यांचा नाच्या. वीस-बावीसचा, लवचीक, गुलाबी साडीत खरोखर देखणा. तो आत शिरताच शिट्ट्या पडतात आणि पंचवीस मोबाइल वर होतात. त्याला सगळं येतं. भुवई उडवणं, ओठ चावणं, कमरेला झोल देणं, गिरकी घेऊन नेमकं कॅमेऱ्याकडे तोंड करून थांबणं. शाहीर विरहाचं कडवं धरतो तेव्हा तो उलटा हात कपाळाला लावतो आणि डोळे मिटतो. मालिकेतल्या सुना फोन ठेवल्यावर करतात तसं. खालून दहाच्या, वीसच्या नोटा येतात, देणाऱ्याचं नाव माईकवरून पुकारलं जातं. त्याचा नाच खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. घाईचा आहे. भाव आधी चेहऱ्यावर हजर होतो आणि हातपाय मागून धावत त्याला गाठतात.

आता तुऱ्याची गवळण. निळ्या साडीतला म्हातारा रिंगणाच्या कडेला उभा राहतो, वाकून ढोलकीला आणि मग मातीला हात लावतो. हे करताना त्याचा चेहरा बाजारात भाव विचारणाऱ्या माणसासारखा कोरा आहे, आणि पुढची पंधरा मिनिटं तो जवळजवळ तसाच राहणार आहे. राधा कृष्णावर रागावली आहे. राग कुठे दिसतो? मानेत. मान खांद्यांवर खिळा मारल्यासारखी ताठ, आणि पाय इतके जवळ जवळ पडतात, की घुंगरू वाजता वाजता तुटतात. एक छन् अर्धाच निघतो आणि टाच तो दाबून टाकते. रागावलेली बाई भांडी कशी ठेवते ते ज्याने घरात ऐकलं आहे त्याला हा आवाज ओळखीचा आहे. मग मनधरणी होते. आधी कोपर सैल पडतं. त्यानंतर बऱ्याच वेळाने मनगट. हसू सगळ्यात शेवटी, आणि तेही बोटांना. ढोलकी चढते आणि म्हाताऱ्याचे खांदे हलायला लागतात, एक वर, एक खाली, जणू ते त्याचे नाहीतच आणि त्याला विचारलेलंही नाही.

माझ्या शेजारी एक गृहस्थ उभे आहेत, बगलेत थैली, थैलीत गोबी. त्यांचेही खांदे हलताहेत. त्यांना ते कळलेलं नाही. मी बघतोय हे लक्षात येताच ते थांबतात आणि थैली दुसऱ्या बगलेत घेतात.

कोरियात याला नाव आहे. मला ते ठाऊक असण्याचं कारण एवढंच, की गेले दोन-तीन महिने मी तिकडच्या जुन्या नाचांच्या फिती बघण्याच्या नादाला लागलो आहे. कोरियन लोक त्याला ‘ओक्केचुम’ म्हणतात, खांद्यांचा नाच. आतून आनंद उसळला, की बसल्या जागी खांदे उचलू लागतात. त्या उसळीला ते ‘हुंग’ म्हणतात. आणि वर्षानुवर्षं साचलेल्या, कुणाकडे न बोललेल्या दुःखाला ‘हान’. त्यांच्या नाचात पाऊल टाचेवर आधी पडतं, मग तळवा, मग बोटं. गुडघा श्वासाबरोबर दबतो आणि श्वासाबरोबर उठतो. लांब झग्याखाली पाय दिसत नाहीत, पांढऱ्या मोज्याचं टोक तेवढं डोकावतं. चेहरा जवळजवळ निर्विकार. हे सगळं मी नागपुरात पंख्याखाली पडून फोनवर पाहिलं, आणि आता इथे, संत्र्याच्या ट्रॅक्टरजवळ, धुळीत, एक कोरा चेहरा आणि त्याखाली हलणारे खांदे बघतो आहे. माझ्या डोक्यात लेख तयार होऊ लागला आहे. हा धोक्याचा क्षण असतो.

मधे सोंगाड्या येतो. पंचायतीच्या नळाला पाणी का येत नाही यावर तो आणि शाहीर वीस मिनिटं बोलतात. लोक पोट धरून हसतात. हे लिहून दाखवण्यात अर्थ नाही; त्यातलं निम्मं सोंगाड्याच्या पोटऱ्यांत आहे आणि उरलेलं छापता येणार नाही.

ऊन उतरतं. कन्हान नदीच्या बाजूने गार वारा सुटतो आणि मावशी माझ्याकडे शाल पाठवते. बायका वाढल्या आहेत, कापूस वेचून आलेल्या, ओटीला अजून बोंडांचे काटे लागलेल्या. वग सुरू होतो हरिश्चंद्राचा. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. राजाने राज्य दान केलं, बायको-मूल विकलं, स्वतः काशीत डोमाकडे मसणाची राखण करायला राहिला. रोहिदासाला साप चावला. आता तारामती मेलेलं लेकरू घेऊन मसणात येणार आहे, आणि दाराशी नवराच तिच्याकडे जाळण्याचा कर मागणार आहे.

तारामती म्हणजे तोच म्हातारा. निळी साडी उतरून मळकट पांढरी आली आहे. पावडर घामाने गेली आहे आणि त्याने ती परत लावलेली नाही. हातांवर एक पांढरा पंचा, गुंडाळी करून आडवा धरलेला. तो रिंगणात एक पाऊल टाकतो आणि वीज जाते.

माईक मरतो. पाळणा थांबतो. ‘ए लाईट!’ असा गलका होतो. ढोलकीवाला थांबत नाही. फक्त थाप हलकी करतो. कुणीतरी मोटारसायकल चालू करून तिचा दिवा रिंगणाकडे फिरवतो, मग आणखी दोघं. पण गाड्या पलीकडच्या अंगाला उभ्या आहेत, उजेड म्हाताऱ्याच्या पाठीमागून येतो. आम्हाला त्याचा चेहरा दिसतच नाही. दिसते ती एक काळी आकृती, हातांवर काहीतरी आडवं, आणि खाली धुळीत पसरलेली लांब सावली.

तो चालत येतो. एवढंच. रिंगण पंधरा पावलांचं असेल, ते ओलांडायला त्याला किती वेळ लागतो ते मी मोजलेलं नाही. थाप पडते आणि पाऊल पडत नाही. थाप विरून जाते तेव्हा टाच टेकते, गुडघा दबतो, वजन उतरतं आणि मग पंजा जमिनीला लागतो. पंच्याचं वजन ते किती, पावशेर. पण त्याचे खांदे पुढे ओढले गेले आहेत, पाठ मागे तोल सांभाळते आहे आणि कोपरं बरगड्यांत रुतली आहेत. सात-आठ वर्षांचं पोर, निजलेलं नव्हे, मेलेलं. निजलेलं पोर उचलताना आपण त्याचं डोकं खांद्यावर घेतो. याच्या हातांवर ते आडवं आहे आणि एका बाजूने खाली लोंबतं आहे. त्या बाजूला म्हाताऱ्याचा हात दोन बोटं खाली गेला आहे. बस, दोन बोटं. मागच्या बायकांत कुणाचा तरी श्वास अडकल्याचा आवाज येतो.

हरिश्चंद्र कर मागतो. तारामती थांबते. रडत नाही, हलत नाही, घुंगरूही गप्प. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भावांची यादी आहे, शरीराला आपोआप होणाऱ्या गोष्टींची. तिच्यात पहिला आहे स्तंभ, म्हणजे जागच्या जागी खांब होऊन जाणं. घाम, रोमांच, आवाज फुटणं, थरथर, रंग उडणं हे त्यानंतर. अश्रू सातव्या जागी. ज्याने ही यादी लावली त्याने कुठल्यातरी अशाच रिंगणाच्या कडेला उभं राहून ती लावली असावी, असं मला या घडीला वाटतं.

आणखी एक गोष्ट आठवते, ती स्वीडनची आहे. 1973 मध्ये गुन्नार योहान्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या सांध्यांवर दहा-बारा प्रकाशाचे ठिपके लावून अंधारात त्यांची फीत बनवली. थांबलेले ठिपके म्हणजे नुसते ठिपके. ते हलायला लागले, की बघणाऱ्याला क्षणात माणूस चालताना दिसे. पुढे 1996 मध्ये काही संशोधकांनी हेच नर्तकांवर केलं. चेहरा नाही, कपडे नाहीत, नुसते हलणारे ठिपके. तरी बघणाऱ्यांना राग, दुःख, आनंद बऱ्यापैकी ओळखता आले. रामाकोन्यात आज तो प्रयोग मोटारसायकलच्या दिव्यावर झाला आहे. निकाल बघायचा तर मावशीकडे बघा. पदराचं टोक तोंडात आहे.

वीज येते. अचानक सगळं पिवळं होतं आणि म्हाताऱ्याचा चेहरा दिसतो. तो आधीइतकाच कोरा आहे. लोक टाळ्या वाजवत नाहीत. सोंगाड्या धावत येतो, वीज मंडळावर एक विनोद करतो, सगळे सुटका झाल्यासारखे हसतात आणि म्हातारा त्या हशात पंचा झटकून खांद्यावर टाकतो.

नऊ वाजता ताडपत्रीच्या मागे चहा आहे. साडी सोडून म्हातारा पायजमा-बंडीवर आला आहे आणि घुंगरू डालडाच्या जुन्या डब्यात ठेवतो आहे. गुलाबी साडीतला पोट्टाही तिथेच आहे, दुसऱ्या पार्टीचा असूनही त्याच्या पायाशी बसलेला. मी स्वतःची ओळख सांगतो, मावशीची सांगतो. मावशीचं नाव चालतं.

“काका, तारामतीच्या वेळी तुम्ही टाच आधी टेकवता,” मी म्हणतो. “थापेच्या मागून. दुःख सगळं त्या टाचेत उतरतं. हे कुणाकडून शिकलात?”

तो माझ्याकडे जरा वेळ बघतो. “दुःख-बिख काई नाई जी. गुडघे गेले माये. पंजा पह्यले टेकवला तं कळ निंगते अठीलोक,” आणि तो कमरेला हात लावतो. “म्हनून टाच.”

पोट्टा खदखदून हसतो. मी चहात बघतो. माझा अर्धा लेख तिथे बुडतो आहे.

“पण राधेच्या वेळी पंजाच टेकवत होता,” मी सोडत नाही. “तेव्हा कळ नाही निघाली?”

“निंगली नं. राधा सोला वर्साची हाये, तिचे गुडघे दुखते का? थ्याची कळ म्या घरी जाऊन पाह्यतो.” मग जरा थांबून, “तारामती थकेल हाये. तिले माये गुडघे चालते.”

हे तो सहज बोलतो, डब्याचं झाकण लावता लावता. मी पुढे विचारतो, तेव्हा कळतं की तो पन्नास वर्षं संत्र्याच्या तोडीला जातो आहे, बागेतून गाडीपर्यंत खांद्यावरून माल वाहायचा. पूर्वी पेटाऱ्यांत, आता कॅरेटमध्ये. भरलेलं ओझं आणि रिकामं ओझं यांत पाठ कशी बदलते ते त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. शाहीरबुवांनी शिकवलं ते एवढंच, की हातात काही नसताना पाठीला ते विसरू द्यायचं नाही. पूर्वी कार्यक्रमाला जायचं तर छोट्या लाइनीची गाडी होती. डब्यात दाराशी उभं राहून पाय धरायचा सराव व्हायचा, कारण ती इतकी हळू आणि इतकी हलत चालायची, की तोल आपोआप शिकता येई. 2015 मध्ये ती नॅरोगेज बंद पडली. आता मोठी लाइन आहे. “थिच्यात सराव होत नाई,” तो म्हणतो.

मी फोन काढतो. नागपुरातूनच भरून आणलेली फीत आहे. ली मे-बांग, मोकपो शहरात 1927 साली जन्मलेला नर्तक, 2015 मध्ये वारला. पुरुष असून लहानपणी तो गिसेंग, म्हणजे नाचगाण्याचा पेशा असलेल्या बायकांच्या नाचशाळेत शिकला. या फितीत तो पुष्कळ म्हातारा आहे. नाच ‘साल्पुरी’. साल म्हणजे अंगाला चिकटलेलं अशुभ, पुरी म्हणजे सोडवणं. कोरियाच्या नैर्ऋत्येकडे देवऋषी बायका करत त्या विधीतला ताल त्याच्या मुळाशी आहे. 1930 च्या दशकात हान सोंग-जुन नावाच्या एका नामांकित ढोलवाल्याने त्याला रंगमंचावर आणलं, आणि 1990 मध्ये तिथल्या सरकारने त्याला राष्ट्रीय वारशाच्या यादीत 97 वा क्रमांक दिला. हे सगळं मी सांगायला तोंड उघडतो, पण म्हाताऱ्याने फोन आधीच माझ्या हातातून घेतला आहे आणि डोळ्यांपासून लांब धरला आहे.

पडद्यावर पांढरे कपडे, पांढरा लांब रुमाल. पाऊल उचललं जातं आणि उचललेलंच राहतं. मग टाच.

“हा बुडा हाये का बाई?”

“बुडा. बाईच्या चालीत नाचतो.”

“हाव.” बराच वेळ काही नाही. पोट्टा मान लांब करून बघतो, त्याला दिसत नाही म्हणून उठून मागे येतो. चहावाला ग्लास मागायला येतो, त्याला हाताने थांबवलं जातं. ढोलासारखं काहीतरी वाजतं आहे आणि म्हाताऱ्याची तर्जनी फोनच्या पाठीवर तो ठेका शोधते आहे. दोनदा चुकते, तिसऱ्यांदा सापडतो.

“यायचेबी गुडघे गेले काय?” तो विचारतो.

“असतील. वय झालं होतं.”

पडद्यावरचा म्हातारा रुमाल जमिनीवर टाकतो, त्याच्यापासून दूर जातो, परत येतो, गुडघे टेकतो आणि दोन्ही हातांनी तो उचलतो. सावकाश, खालून हात घालून. इकडचा म्हातारा फोन जवळ घेतो.

“अन् लेकरू कोनाचं हाये जी हे?”

मी सांगतो, की लेकरू नाही, तो नुसता रुमाल आहे. तो मान हलवतो. माझं म्हणणं पटल्यासारखी ती मान नाही. फीत संपते, काळ्या पडद्यात त्याचाच चेहरा दिसतो आणि तो फोन मला परत करतो.

पोट्टा तोवर रिकाम्या रिंगणात गेला आहे. गुलाबी साडी खोचून, चपला काढून, मोबाइलच्या उजेडात तो टाच आधी टाकून बघतो आहे. जमत नाही, टाच टेकताच अंग पुढे पळतं. म्हातारा बसल्या जागेवरून ओरडतो, “हातात काई घे, लेका! खाली हातानं काहून चालतं?” पोट्टा इकडेतिकडे बघतो, ट्रॅक्टरवरून संत्र्याचं एक भरलेलं कॅरेट उतरवतो आणि ते घेऊन परत सुरू करतो. ट्रॅक्टरवाला कुठूनतरी उगवतो आणि शिव्या देत त्याच्यामागे लागतो.

पिकअप येते. ढोलकी, डफ, पेट्या, डालडाचा डबा वर चढतात. सामन्याचा निकाल दोन्ही पार्ट्यांना सारखा लागला आहे, दोघांना एकेक नारळ आणि ठरलेली बिदागी. पोट्टा आज तुऱ्यावाल्यांच्याच गाडीत बसतो. त्याला वाटेत उतरायचं आहे. उद्या दुपारी म्हाताऱ्याच्या पार्टीचा कार्यक्रम पुढच्या देवी नावाच्या गावी आहे. तिथेही आधी राधा आहे आणि दिवे लागल्यावर तारामती.